नोव्हेंबरात म्बिरा वाजवत नाहीत

भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा सोबत भाची होती आणि भाचीच्या हातात कलिंबा, अंगठ्यांनी वाजवायचं छोटं वाद्य. आठवीतली पोर. ऑनलाइन मागवलेला, सतरा पट्ट्यांचा, मऊ पिशवीतला. सोबत सुरांच्या आकड्यांचे स्टिकर आणि पट्ट्या जुळवायची इवलीशी हातोडी. फराळाची ताटं भरेपर्यंत तिनं सोफ्यावर मांडी घालून एक सिनेमातलं गाणं वाजवलं, मग आणखी एक, मग पुन्हा पहिलं. आवाज गोड, अगदी स्वच्छ. पितळेच्या पातेल्यात एकेक थेंब पडावा तसा. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं आणि मनापासून केलं, कारण दोन अंगठ्यांनी इतकं नेमकं वाजवणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे.

"आत्या, तुझ्याकडे पण असलंच काहीतरी आहे ना? बाबा म्हणाले, आफ्रिकेतलं."

आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, तंबोऱ्याच्या जुन्या गवसणीत गुंडाळून ठेवलेलं.

"दाखव ना मग."

"डिसेंबरात दाखवते," म्हटलं.

चकली खाता खाता तिनं दोनदा विचारलं, डिसेंबरातच का? घरात तेव्हा इतकी माणसं होती की नीट सांगता आलं नाही. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०११ ते २०१४ आम्ही झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेत राहिलो. बेल्व्हेडिअर नावाच्या वस्तीत. तिथे गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, देऊळ आहे, डाळ-तांदूळ मिळतात. माझा तंबोरा मात्र पुण्यालाच राहिला. विमानाच्या पोटात तो टाकायला जीव धजला नाही. मी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन गेले होते आणि रोज संध्याकाळी त्यावर गात बसायची.

हरारेत तेव्हा वीज वारंवार जायची. पोहोचून दोनेक महिने झाले असतील, एका संध्याकाळी यमन लावून बसले होते आणि वीज गेली. डबीतला तंबोरा गप्प झाला. पण जव्हारी थांबली नाही. अंधारात ती भणभण, ती तारेची झिलई कुठून तरी येतच राहिली. क्षणभर वाटलं, कानात राहिलेला आवाज असेल. मग त्या भणभणीच्या आत सूर हलताना ऐकू आले, एकात एक गुंतलेले, झऱ्यासारखे, आणि मी मेणबत्ती न लावता मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

मागच्या बंगल्याच्या माळ्याचे वडील गावाहून आले होते. कुंपणापलीकडे, माळ्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसून ते वाजवत होते. एवढंच दिसत होतं की त्यांचे दोन्ही हात एका मोठ्या भोपळ्याच्या आत आहेत.

त्यांना मी पुढे सेकुरु म्हणायला लागले. शोना भाषेत सेकुरु म्हणजे आजोबा, किंवा मामा, किंवा कुठलाही वडीलधारा पुरुष. ते मला अमाई म्हणत, म्हणजे आई. लग्न झालेल्या बाईला तिथे हीच हाक. पहिल्या दिवशी मी नमस्काराला हात जोडले तर त्यांना वाटलं मी टाळी वाजवणार आहे, कारण तिथे वडीलमाणसासमोर किंचित वाकून हलक्या टाळ्या वाजवतात. पुरुषांनी हात सरळ धरून, बायकांनी तळवे आडवे आणि पोकळ ठेवून. मी तशी टाळी शिकले. शिकवणीची सुरुवात तीच.

म्बिरा. ओठ मिटून आधी ‘म्’ घुमवायचा आणि मग बिरा. पूर्ण नाव म्बिरा झावाद्झिमु, वाद्झिमुंची म्बिरा, म्हणजे पूर्वजांची. तळहाताहून थोडी मोठी, जाड लाकडी फळी आणि तिच्यावर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, बावीस ते अठ्ठावीस, ज्यानं बनवली त्याच्या रीतीप्रमाणे. डावीकडे दोन ओळी, खाली-वर, उजवीकडे एक. डावा अंगठा दोन्ही डाव्या ओळी सांभाळतो, उजवा अंगठा वरून दाबतो आणि उजवी तर्जनी खालून वर छेडते. फळीच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक असतं, त्यात करंगळी घालून वाद्य पेलायचं. पूर्वी लोहार खनिज वितळवून पट्ट्या घडवायचे. आता खिळे, जाड तार, गादीच्या स्प्रिंगा, जे मिळेल ते ठोकून चपटं करतात.

फळीचं लाकूड मुब्वामारोपा नावाच्या झाडाचं. नावाचा अर्थच रक्त गाळणारा. खोडाला घाव घातला की लाल डिंक वाहतो. हे ऐकलं आणि मला माझ्या वडिलांचा पाण्याचा पेला आठवला. मधुमेहासाठी ते बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पीत आणि सकाळी ते पाणी तांबूस झालेलं असे. आपला बिबळा आणि तिथला मुब्वामारोपा एकाच कुळातले आहेत. बिबळ्याच्या सालीतूनही तसाच लाल डिंक येतो. सेकुरुंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, जणू नातेवाइकाची खबर कळली.

आणि भोपळा. म्बिरा त्याच्या पोटात काठीनं पाचर मारून अडकवतात. त्याला देझे म्हणतात. नाद त्यानं वाढतो. आपल्या तंबोऱ्याला भीमेच्या काठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला कडू भोपळा लागतो आणि मिरजेचे कारागीर त्यातून निवडून घेतात, हे सांगली-मिरजेकडं वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्या भोपळ्याचं मूळ घर आफ्रिका आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आणि कुणी न लावता रानात उगवलेले त्याचे वेल वनस्पतिशास्त्रज्ञांना सापडले ते झिंबाब्वेतच. २००४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे माझ्या गुरूंच्या घरातल्या तंबोऱ्याचं पोट आणि सेकुरुंच्या हाताभोवतीची ती पोकळी एकाच वेलीची लेकरं.

पण मला सांगायचं आहे ते खरखरीबद्दल.

म्बिराच्या फळीवर खालच्या बाजूला एक पत्रा असतो आणि त्यावर बाटल्यांची बुचं सैलसर बसवलेली. देझेच्या काठालाही बुचांची माळ. पूर्वी त्या जागी गोगलगायीचे शंख असत. एकही पट्टी छेडली की ही सगळी बुचं थरथरतात आणि प्रत्येक सुराभोवती झणझणीचं एक कडं तयार होतं. पहिल्यांदा सेकुरुंनी वाद्य माझ्या हाती दिलं तेव्हा मला पट्टीचा स्वतःचा सूर ऐकायचा होता, म्हणून मी एका हातानं बुचं दाबून धरली. सूर आला; स्वच्छ, गोल, एकटा. सेकुरुंनी माझी बोटं एकेक करून उचलली आणि बाजूला ठेवली.

"हे बंद केलंस तर येणार कोण?" त्यांच्या मुलानं, त्या माळ्यानं, त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

बारा वर्षांची असताना सांगलीत मी बाईंकडे गाणं शिकायला जायची. एकदा तंबोरा पुसता पुसता घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा दिसला. कचरा अडकलाय असं समजून मी तो ओढून काढला, चारही तारांखालून, नीटनेटकेपणानं. बाई आल्या, त्यांनी तार छेडली आणि हात तसाच राहिला. तारा ठणठण बोलत होत्या, पत्र्यावर खडा मारावा तशा. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुताचा तुकडा घेतला आणि तो तारेखाली केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसल्या. त्या दिवशी गाणं झालंच नाही. शेवटी एका जागी तार अशी उघडली की खोली भरून गेली आणि त्या म्हणाल्या, "आता ऐक. खर्जाच्या तारेत काय आहे?" षड्ज, मी म्हटलं. "आणखी?" बऱ्याच वेळानं ऐकू आला. गंधार. लावलेली तार षड्जाची, पण तिच्या पोटातून गंधार येत होता, लांबून कुणी हाक मारावी तसा. स्वयंभू गंधार. "हा ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," बाई म्हणाल्या.

त्या दोऱ्याशिवाय तो गंधार माझ्या कानापर्यंत पोहोचत नव्हता. खरखर सुराला झाकत नाही, सुरात दडलेलं बाहेर काढते. हे मी बाराव्या वर्षी शिकले होते आणि तरी हरारेत मी बुचं दाबून धरली. ऐकणं एका वाद्यापुरतं शिकलो तर ते दुसऱ्या दाराशी पुन्हा शिकावं लागतं बहुधा.

सेकुरुंनी पहिली रचना शिकवली ती कारिगामोम्बे. ‘बैलाला लोळवणारा’ असा काहीसा अर्थ. बहुतेक शिकणाऱ्यांना हीच आधी देतात. चार ओळी, प्रत्येकीत बारा ठोके, अठ्ठेचाळीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. ओळी जवळजवळ सारख्या. प्रत्येक वेळी एखादाच सूर सरकतो. हे हाताला बसायला मला तीन महिने लागले, पण हाताचा त्रास नव्हता, त्रास डोक्याचा होता. मी सम शोधत होते. ज्यानं आयुष्यभर तालात गाणं ऐकलंय त्याला समेशिवाय बसवत नाही. कुठेतरी मान हलली पाहिजे, कुठेतरी ‘आ’ म्हणून उतरलं पाहिजे. मी विचारलं, "सेकुरु, पहिला ठोका कुठला?" त्यांनी वाजवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर दुसरीकडूनच सुरू केलं. मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी चार वेगवेगळ्या जागांवरून तीच रचना सुरू करून दाखवली आणि प्रत्येक वेळी दोन-तीन आवर्तनांत ती त्याच प्रवाहाला जाऊन मिळाली. वर्तुळाला सुरुवात नव्हती. सम होती, पण ती रचनेत नव्हती. नाचणाऱ्याच्या पायात होती, गाणाऱ्याच्या श्वासात होती आणि प्रत्येकाची वेगळी होती.

त्यात आणखी होशो. होशो म्हणजे लहान भोपळ्यांचे दोन खुळखुळे, आत होताच्या बिया. त्या बिया मी हातावर घेऊन पाहिल्या तर काळ्या, गोल, कडक. आपल्या परसातल्या कर्दळीच्या. होशो तीनच्या चालीनं चालतो आणि त्याच वेळी म्बिराचा खालचा आवाज दोनच्या चालीनं. दादरा आणि केहरवा एकाच वेळी, एकाच लयीत, एकमेकांना न अडवता. आधी गोंधळ होतो. मग एक दिवस होत नाही, आणि आपलं आपल्यालाच कळत नाही की काय बदललं.

म्बिरा सहसा एकटी वाजत नाही. एक जण कुशाउरा वाजवतो, म्हणजे पुढे होतो. दुसरा कुत्सिन्हिरा, त्याच्या मोकळ्या जागांत आपले सूर ठेवत जातो. काही रचनांत तर दुसरा तोच तुकडा फक्त एका ठोक्यानं मागून वाजवतो. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये, पाऊस संपून थंडी लागायच्या दिवसांत, सेकुरुंनी मला कारिगामोम्बेचा कुशाउरा धरायला सांगितला आणि स्वतः दुसरी म्बिरा घेऊन मध्ये शिरले. दहाएक मिनिटं झाली असतील. मला वरच्या पट्टीत एक तान ऐकू यायला लागली. सरळ, उतरती, गाण्यासारखी. मी सेकुरुंच्या हातांकडे पाहिलं. ते ती वाजवत नव्हते. माझे अंगठे तर मला माहीत होते. दोन वाद्यांतले सूर एकमेकांशेजारी पडून कानात तिसरीच ओळ विणत होते. मी थांबले की ती नाहीशी. मी विचारलं, "हे कोण वाजवतंय?"

सेकुरु खूप वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर, मला आठवतं, बाईंच्या चेहऱ्यावर गंधाराच्या दिवशी होतं तसंच काहीतरी होतं. मग त्यांनी मुलाला सांगितलं की अमाईला आता बिराला घेऊन जायला हरकत नाही.

बिरा वेगळा शब्द. म्बिरा वाद्य, बिरा म्हणजे रात्रभराचा जागर, जिथे घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावतात. हरारेहून मारोंडेराच्या वाटेवर आत एका गावात होता. कुणाच्या घरी का होता, हे मी लिहिणार नाही. त्यांच्या घरातल्या दुखण्याची गोष्ट आहे ती. गोल झोपडी, गवताचं छप्पर, मधोमध चूल, आणि दारासमोरच्या भिंतीला मातीचा ओटा, त्यावर मडकी मांडलेली. त्या ओट्याला चिकुवा म्हणतात आणि घरातले पूर्वज तिथे असतात. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे जमिनीवर. दारात चपला काढल्या. घड्याळही काढून ठेवायला सांगितलं.

अंगणात सात दिवस लागून गाळलेली दारू होती, रापोकोची. त्या धान्याची मूठ भरून पाहिली तर नाचणी. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि कोकणातल्या भाकरीत, आंबिलीत इतकी मुरली की ती परकी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी पीत नाही म्हटल्यावर मला माहेऊचं भांडं दिलं. आंबट, पातळ, पिठाची. एका घोटात आजीची आंबील आठवली. डोळे भरून आले आणि शेजारच्या म्हाताऱ्या अम्बुयानं, म्हणजे आजीनं, न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला.

रात्री नवाच्या सुमारास तीन म्बिरा आणि होशो सुरू झाले. गाणं तीन प्रकारांनी चालतं: कुणी शब्दांशिवाय खाली घुमतो, कुणी गळा उंच चढवून मोडतो, आणि कुणी म्हणी, आठवणी, घरातल्या गोष्टी जागच्या जागी ओवीत जातो. श्रोता कुणीच नसतो. मी सुद्धा टाळ्या वाजवत होते, आणि मध्यरात्रीनंतर पायही. धूर, तपकिरीचा वास, एकच रचना तासभर. न्हेमामुसासा, म्हणजे रानात तात्पुरत्या निवाऱ्यासाठी फांद्या तोडणं, वाजत असताना खोलीतल्या एका मध्यमवयीन बाईंचं अंग थरथरायला लागलं. कुणी घाबरलं नाही. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर काळं कापड टाकलं, लाकडी थाळीत तपकीर दिली. मग सगळे जमिनीवर बसून, टाळ्या वाजवून त्यांच्याशी बोलू लागले, जसं लांबून आलेल्या आजोबांशी बोलावं: कसे आहात, वाट कशी होती, रागावू नका, उशीर झाला. आजोबा रागावलेच होते. त्यांनी काय सांगितलं ते मला कुणी समजावून दिलं नाही आणि मी विचारलं नाही.

आपले पितर भाद्रपदात येतात, कावळ्याच्या चोचीनं जेवतात आणि न बोलता जातात. माझे वडील गेल्यावर मी किती वर्षं त्या पानाकडे पाहत बसले आहे. तिथे त्या झोपडीत मला पहिल्यांदा वाटलं की त्यांच्याशी बोलता आलं असतं, भांडताही आलं असतं.

सेकुरुंचा प्रश्न मला त्या रात्री कळला. हे बंद केलंस तर येणार कोण? बुचांची झणझण मन धुऊन काढते आणि वाद्झिमुंना वाट दाखवते, असं तिथे मानतात. न वाजवलेली तान ज्या धूसर जागेतून येते, त्याच जागेतून ते येतात. मी श्रद्धेनं ते मानते की नाही, हे मला सांगता येणार नाही. तान मात्र मी ऐकली आहे.

या वाद्याबद्दल बाहेरच्या माणसानं लिहून ठेवलेलं सगळ्यांत जुनं जे वर्णन मला माहीत आहे, त्याचा धागा गोव्यापर्यंत येतो. जुआंव दोस सान्तोस हा पोर्तुगीज डॉमिनिकन पाद्री १५८६ साली मोझांबिकला उतरला. सोफाळा बंदराच्या आतल्या किटेव्हे राजाच्या मुलखात त्यानं ‘आम्बिरा’ पाहिली: नऊ लोखंडी पट्ट्या, वीतभर लांब, आगीत तापवून प्रत्येकीचा आवाज वेगळा केलेला, अंगठ्यांनी छेडायच्या. संगीत मंजुळ आहे, असं त्यानं लिहिलं. १६०९ साली पोर्तुगालमधल्या एव्होरात त्याचं पुस्तक छापलं गेलं आणि तो स्वतः १६२२ साली गोव्यात वारला. त्यानं निदान ऐकलं. त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी आलेल्या मिशनऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात सैतान ऐकू आला. म्बिरा वाजवणाऱ्याला चर्चमध्ये जागा नव्हती आणि शाळा चर्चच्याच होत्या. मुलांनी हात मागे घेतले. आजही तिथल्या कितीतरी चर्चमध्ये म्बिरा घरात ठेवणं पाप समजतात. सेकुरुंची एक मुलगी वडिलांच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

गोऱ्या सरकारला पूर्वजांची भीती वाटण्याचं कारणही होतं. १८९६-९७च्या उठावात लोकांना उभं करणाऱ्यांत नेहांडा या पूर्वज-देवतेची वाणी बोलणारी चार्वे नावाची बाई होती. २७ एप्रिल १८९८ला तिला फाशी दिलं. तिनं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला. २०२१ साली हरारेच्या भर चौकात तिचा पुतळा उभा राहिला. त्या उठावाला चिमुरेंगा म्हणतात, आणि १९७०च्या दशकात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा थॉमस माप्फुमो या गायकाच्या गाण्यांनाही तेच नाव मिळालं. त्याच्या साथीदारांनी इलेक्ट्रिक गिटारच्या तारा तळहाताच्या कडेनं दाबून म्बिरासारख्या बोलत्या केल्या. पाप ठरवलेल्या वाद्याचा आवाज रेडिओवर गेला, दुसऱ्या वाद्याच्या अंगात शिरून. माप्फुमोला त्या सरकारनं तुरुंगात टाकलं.

म्बिरा वाजवणाऱ्या स्टेला चिवेशे यांच्याबद्दल वेगळं पुस्तक वाचायला मिळालं तर मी रात्रभर वाचेन. १९६६ साली त्या म्बिरा शिकायला लागल्या तेव्हा बाईनं तिला हात लावणं लोकांना रुचत नव्हतं. घरातल्याच एका आजोबांनी शिकवलं. चोरून होणाऱ्या बिरांत त्या वाजवत. १९७४ साली पहिली तबकडी निघाली ती उसन्या म्बिरावर. २० जानेवारी २०२३ला त्या गेल्या. मी तेव्हा पुण्यात होते. त्या दिवशी मी म्बिरा काढली आणि जमेल तेवढं वाजवलं.

आता कलिंबा. १९२१ साली ह्यू ट्रेसी नावाचा इंग्रज तरुण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तंबाखूच्या शेतीवर आला आणि शेतातल्या मजुरांची गाणी ऐकून आयुष्यभराचा बदलला. पुढची पन्नासएक वर्षं तो आफ्रिकाभर फिरून ध्वनिमुद्रण करत राहिला. १९५४ साली त्यानं उभारलेला संग्रह आज दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडा शहरात आहे, आणि त्यात अशी गाणी आहेत जी गाणारं आता कुणी उरलेलं नाही. त्याचे उपकार मोठेच. पण बाहेरच्या जगासाठी त्यानं जे वाद्य घडवून विकायला काढलं, कलिंबा, त्याला पाश्चात्त्य स्वरसप्तक लावलं आणि भोपळ्याच्या जागी लाकडी पेटी दिली. बुचं गेली. त्यालाही वाटलं असेल की लोक आधी जवळ तर येऊ देत. भाचीच्या हातातला सतरा पट्ट्यांचा कलिंबा त्याच्याच वंशातला, फक्त आता तो चीनमधल्या कारखान्यात घडतो, आणि सोबतच्या कागदावर झिंबाब्वेचं नाव कुठेच नव्हतं. मी उलटसुलट करून पाहिलं.

म्बिराला एकच ठरलेलं सप्तक नाही. प्रत्येक कारागिराची, प्रत्येक घराण्याची जुळवणी निराळी. सेकुरु त्याला ‘चूनिंग’ म्हणत आणि त्यात नुसते स्वर नव्हे, पट्ट्यांचा वजनदारपणा, बुचांचा खुळखुळ, सगळंच आलं. त्यांच्या चूनिंगमधला तिसरा स्वर आपल्या दोन गंधारांच्या मधोमध कुठेतरी उभा असे. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, तो सापडणारच नाही. २०२० साली झिंबाब्वे आणि मलावीतली ही कला युनेस्कोच्या यादीत गेली, हे चांगलंच झालं. तरी दुकानातून जगभर जातोय तो पेटीच्या स्वरांत बसणारा, खरखर पुसलेला भाऊ. ही मुलं गोड वाजवतात आणि मला आनंद होतो. पण ती एकटीच वाजवत असतात. सुरातून दुसरं कुणी डोकावत नाही.

निघताना सेकुरुंनी ओळखीच्या लोहाराकडून माझ्यासाठी म्बिरा करवून घेतली. चोवीस पट्ट्या. पैसे लोहाराचे घेतले, स्वतःचे काही नाही. एकच सांगितलं. नोव्हेंबर हा म्बुद्झीचा महिना, बकऱ्यांच्या नावाचा. पहिला पाऊस पडतो, बकऱ्यांना पिलं होतात, आणि पूर्वज विश्रांती घेतात. त्या महिन्यात बिरा होत नाही, लग्न होत नाही, आणि सेकुरु तर म्बिरा पिशवीतून काढतही नसत. तिन्ही नोव्हेंबरांत त्यांनी मला ओट्यावर बसवून नुसता चहा पाजला होता. "तुमच्याकडे नोव्हेंबरात पाऊस नसेल, तरी ते दमलेले असतात," ते म्हणाले.

सेकुरु २०१७ साली गेले. माळ्यानं फोन करून सांगितलं. मधल्या काळात फळीवरचं एक बुच निसटून हरवलं, त्या जागी मी पुण्यातल्या सोड्याच्या बाटलीचं बसवलं आहे. त्याची झणझण बाकीच्यांहून किंचित पातळ येते. चालतं.

भाची रोज रात्री मेसेज करते. काल तिनं विचारलं, आजोबा झोपलेत का अजून? मी तिला कुठल्या आजोबांबद्दल ते विचारलं नाही. माझे वडील तिचेही आजोबाच होते. आज एकोणीस तारीख. मी तिला लिहिलं, हो, अजून अकरा दिवस. आणि येताना तुझा कलिंबा आण, दोन लागतात.